उदासीन पालक नावाची सोय

शिक्षणावरच्या कुठल्याही बैठकीत बिस्किटं संपत आली की कुणीतरी सुस्कारा सोडतं, ‘पालकच उदासीन आहेत हो!’ माना डोलतात. विषय संपला. ‘असर’ या शिक्षण-पाहणीचे अहवाल 2005 पासून घसा कोरडा करून सांगताहेत की पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास पोरांना दुसरीचा धडा धड वाचता येत नाही. पण पाच वर्षं वर्गात बसलेलं पोर वाचत नाही, यात शाळेचा काय बरं संबंध?

उपाय तयारच असतो : ‘पालकांनी रोज पाल्यासोबत वाचन करावे.’ वा! बीडचा बाप दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल फेडायला कोयता घेऊन बायकोसकट उसाच्या फडावर जातो. मुक्काम कोपीत. अंधार असताना तोड सुरू. अपरात्री ट्रक आला की उठून मोळ्या भरायच्या. त्यानंतर त्याने आरोह-अवरोहासह गोष्ट वाचून दाखवावी, अशी विद्वज्जनांची माफक अपेक्षा.

खरी गंमत पुढेच आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सरकारचा 2022 ते 2027 असा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. त्यासाठी निरक्षर शोधायचं काम गुरुजींच्याच गळ्यात. म्हणजे सकाळी ज्या माउलीचं नाव निरक्षरांच्या यादीत चढवायचं, दुपारी तिलाच सांगायचं, ‘ताई, घरी जरा वाचून घेत जा.’ हे दोन कागद एकाच टेबलावर सुखाने नांदतात. कागदांना कुठे वाचता येतं?

सुखवस्तू घरांत उदासीनता नसते. तिथे थर्माकोल असतो. रात्री अकरा वाजता आई ज्वालामुखी रंगवते, बाबा लाव्हा ओततात, पोरगं झोपलेलं असतं. सकाळी तिघांना मिळून ए प्लस! याला म्हणायचं जागरूक पालकत्व.

वाचायला शिकवणं हे काही गूढ ब्रह्मज्ञान नव्हे. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ या संस्थेने बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच तरुणी. मागे पडलेली तिसरी-चौथीची पोरं रोज दोन तास वेगळी बसवायची आणि इयत्ता विसरून त्यांना जिथे अडतंय तिथून शिकवायचं. पोरं पुढे सरकली. हे काटेकोरपणे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो होते. अशाच प्रयोगनिष्ठ कामासाठी त्यांना 2019 चं नोबेल मिळालं. त्या पोरांच्या आईबापांना आधी साक्षर व्हा, असं कुणी बजावलं नव्हतं. पण यात फीत कुठे कापायची? फ्लेक्सवर फोटो कुणाचा?

आणि सहभागच हवा असेल, तर तो कायद्यात लिहिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 21 : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. आराखडा त्यांनी करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष त्यांनी ठेवायचं. आणि घडतं काय? ठराव आधीच लिहिलेला. ताईंनी फक्त ‘इथं सही करा’ एवढंच ऐकायचं. सही येत नसेल तर अंगठा. त्या वेळी मात्र निरक्षरता कुणाला खुपत नाही!

ताईंनो, पुढच्या सभेला पोरालाही घेऊन जा. मराठीचं पुस्तक मागवा, कुठलंही पान उघडा आणि सगळ्यांसमोर त्याला वाचायला सांगा. तो वाचतोय की अडखळतोय, हे कळायला तुम्हाला अक्षरओळख लागत नाही, कान पुरतात. मध्येच हेडसरांनी चहा मागवला, तर खुशाल घ्या. सही मात्र पान संपल्यावर.