पळायचं कशाला?

"पैसेच द्यायचे आहेत ना? मग सरळ देऊन टाका. त्यासाठी एकवीस किलोमीटर पळायचं कशाला?" हा प्रश्न यंदाच्या उन्हाळ्यात मंडळातल्या बऱ्याच जणांनी मला विचारला. प्रश्न रास्त आहे. म्हणून दिवाळी अंकाचं संपादकीय त्याच्या उत्तरासाठीच वापरते आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, मी आणि माझी मैत्रीण, शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिससाठी पैसे जमवायला, ग्रेट नॉर्थ रन पळलो. न्यूकॅसलच्या सेंट्रल मोटरवेवरून निघायचं, सध्या दुरुस्तीच्या परांच्या बांधलेल्या टाइन ब्रिजवरून नदी ओलांडायची आणि गेट्सहेड, हेबर्न, जॅरो मागे टाकत साउथ शील्ड्सच्या समुद्रावर पोचायचं. अंतर १३.१ मैल. ऑलिंपिक पदकविजेता धावपटू ब्रेंडन फॉस्टर ऑकलंडमध्ये हजारो सामान्य माणसांबरोबर एका दौडीत पळाला. तसंच काहीतरी आपल्या टाइनसाइडलाही हवं, असं त्याच्या मनाने घेतलं आणि १९८१ मध्ये ही शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी साधारण बारा हजार लोक पळाले. आता संख्या साठ हजारांच्या घरात आहे. त्यातले कितीतरी जण पाठीवर कुणाचा तरी फोटो आणि नाव लावून पळतात.

आमच्या पाठीवर काकांचं नाव होतं. काका म्हणजे मैत्रिणीचे वडील. मंडळातल्या जुन्या लोकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. गणपतीची मूर्ती आणायला वर्षानुवर्षं तेच जायचे. शेवटचे काही आठवडे ते इथल्या हॉस्पिसमध्ये होते. एका दुपारी मी भेटायला गेले तेव्हा ते नर्सला सांगत होते की सकाळचं ऊन तोंडावर येईल असा पलंग हवा. तिने का, कशाला, काही विचारलं नाही. दुसऱ्या नर्सला बोलावलं. मॉर्फिन संथपणे देणारा छोटा पंप काकांच्या पांघरुणावर नीट ठेवला, चाकांचे ब्रेक काढले आणि दोघींनी मिळून पलंग फिरवला. मग ती गुडघे वाकवून काकांच्या उशीच्या पातळीला आली, खिडकी तिथून कशी दिसते ते तिने स्वतः पाहिलं आणि पलंग आणखी वीतभर सरकवला.

या सेवेचे घरच्यांकडून पैसे घेत नाहीत, हे आपल्याला माहीत असतं. सगळा खर्च सरकार करत असणार, असंही आपण धरून चालतो. तसं नाही. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून मिळतो तो खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा. बाकीचं लोक उभं करतात. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून, मृत्युपत्रांतून, केक विकून, आणि पळून. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तेव्हापासून हे काम लोकांच्या पैशावर मोठं झालं आहे. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन कॅन्सरच्या रुग्णांची हीच सेवा करतं आहे, तेही देणगीदारांच्या भरवशावर.

आता प्रश्नाकडे येते. आम्ही दोघींनी चेक लिहिला असता तर तो दोघींचाच चेक झाला असता. पळायचं ठरवल्यामुळे आम्हाला मागता आलं. मागायची आपल्याला सवय नाही असं कुणी म्हणू नये. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आपण घरोघर जातो, आपल्याकडे जोगवा मागायची रीत आहे. पण परदेशात आलो की आपण फक्त आपल्याच माणसांकडे मागतो. शेजारच्या इंग्रज कुटुंबाकडे, ऑफिसातल्या साहेबाकडे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे हात पसरायला संकोच वाटतो. "आम्ही अमुक दिवशी पळणार आहोत, हॉस्पिससाठी" हे वाक्य तो संकोच घालवतं.

आणि पैशाआधी माणसं बोलायला लागतात, याची मला कल्पना नव्हती. आमच्या गल्लीतल्या पोस्टातले गृहस्थ हवेपलीकडे कधी काही बोलले नव्हते. त्यांनी काउंटरच्या काचेमागून दहा पौंडांची नोट सरकवली आणि बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगू लागले. माझ्यामागे रांग होती. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. उलट मागच्या बाईंनी पर्स उघडली. त्यांची आई त्याच हॉस्पिसमध्ये गेली होती. इतकी वर्षं या गावात राहून या गावाचं दुःख मला असं कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं असं निमित्तच मी कधी दिलं नव्हतं. माझ्यापुरतं "पळायचं कशाला"चं उत्तर हे आहे.

मैत्रिणीबरोबर का, तर एकटीने हे झालंच नसतं. वसंतापासून दर रविवारी सकाळी टाउन मूरच्या माळावर, तिथल्या चरणाऱ्या गाईंना वळसा घालून आम्ही पळायचो. नियम एकच: बोलता बोलता पळता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. त्या बोलण्यात काकांचे सगळे दिवस आले. समोरासमोर बसून ती हे बोलू शकली नसती. शेजारी पळणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

शेजारी पळण्यावरून एक गोष्ट आठवते. ग्रेट नॉर्थ रन सुरू झाली त्याच १९८१ च्या मार्च महिन्यात पहिली लंडन मॅरेथॉन झाली. अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमॉन्सन बरोबरीने पळत आले, आणि शेवटच्या क्षणी एकमेकांना मागे टाकण्याऐवजी त्यांनी हातात हात घेऊन रेषा ओलांडली. पहिल्या क्रमांकावर दोघांचीही नावं लागली. इतक्या मोठ्या धावपटूंना जिंकणं सोडून देता येतं, हे मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं.

आमच्या शर्यतीच्या दिवशी हेवर्थच्या वळणावर आपली मंडळी ढोल घेऊन उभी होती, आदल्या रात्री विसर्जन करून दमलेली असूनही. कुणीतरी हातात चिक्की कोंबली. जॅरोजवळ लहान मुलं संत्र्याच्या फोडी आणि बर्फाच्या कांड्या वाटत होती. गोदी बंद पडल्यावर १९३६ मध्ये याच जॅरोची दोनशे माणसं काम मागायला लंडनपर्यंत पायी गेली होती. दहाव्या मैलानंतर जॉन रीड रोडचा न संपणारा चढ लागला आणि मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. मग आम्ही चाललो. चढ संपेपर्यंत चाललो. पुढे एकदम तीव्र उतार, समोर समुद्र, डावीकडे वळून किनाऱ्याचा शेवटचा मैल. तो मात्र पळून काढला.

जमलेल्या रकमेचा हिशेब खजिनदारांच्या अहवालात आहे. एक विनंती. इथे कर भरत असाल तर देणगी देताना गिफ्ट एडच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. तुमच्या खिशाला आणखी काही लागत नाही आणि सरकार संस्थेला पौंडामागे पंचवीस पेन्स देतं, म्हणजे दहाचे साडेबारा होतात. ज्यांना पळायचं आहे त्यांनी हेही समजून घ्यावं: सोडतीत नंबर लागला नाही तर संस्थेच्या कोट्यातून जागा मिळू शकते, पण संस्थेने ती पैसे मोजून घेतलेली असते. ठरलेली किमान रक्कम जमवायची हमी द्यावी लागते. ती जमेल असं वाटत असेल तरच जागा घ्यावी.

पुढच्या वर्षीसाठी टाउन मूरवर रविवारचं पळणं जानेवारीत सुरू करतो आहोत. कधीच न पळलेल्यांनीही यावं. सुरुवातीला एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं एवढंच असेल. येताना एखादा इंग्रज शेजारी बरोबर आणलात तर फार आनंद होईल. पळून झाल्यावर आमच्या घरी पोहे आणि चहा आहे.