गाडीत पहिला हॅम रेडिओ बसवताय? मग एवढं वाचा

२२ जुलै २०२१ ची पहाट खेड-चिपळूणकर विसरणार नाहीत. जगबुडी इकडे गावात, वाशिष्ठी तिकडे शहरात. आधी वीज गेली, मग मोबाईल बंद पडले. मी खेडात, माझी मावशी चिपळूणला. लोक दारात येऊन विचारत होते, "तुम्ही पत्रकार ना, चिपळूणची काय खबर?" आणि मला माझ्या मावशीचीच खबर नव्हती. दीड दिवसाने कळलं, शेजाऱ्यांच्या माळ्यावर सुखरूप होती. तो दीड दिवस मला हॅम रेडिओकडे घेऊन गेला.

आता पावसाळा आला की दोन-चार मित्र विचारतात, "गाडीत कुठला सेट बसवू?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहितो.

पहिली गोष्ट परवाना. दूरसंचार खात्याची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी. परवान्याशिवाय सेट बाळगणं गुन्हा आहे. ऑनलाईन मिळतो म्हणजे चालतो, असं नाही. अशा बेकायदा वॉकीटॉकी विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये नियमच काढले. आपल्या श्रेणीला किती वॅटची मुभा आहे तेही सेट घेण्याआधी बघा. आणि माझ्या पेशातल्यांसाठी: बातम्या पाठवायला हा रेडिओ वापरता येत नाही. हा छंद आहे, आणि आपत्तीतली मदत.

आता माझी चूक सांगतो. परवाना हातात आल्यावर मी ५ वॅटचा हातातला सेट घेतला. म्हटलं, घरातही चालेल, गाडीतही. परशुरामाच्या डोंगरावर उभं राहून बोललो, खालचा माणूस झकास ऐकू आला. गाडीत बसून काच वर केली, घाट उतरलो आणि खरखर सुरू. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात रबरी अँटेना धरून बसणं म्हणजे पिंपात तोंड घालून हाक मारणं.

म्हणून गाडीत वेगळा मोबाईल सेट हवा. पण इथे लोक दुसरी चूक करतात. सगळे पैसे सेटवर आणि उरलेल्या चिल्लरमध्ये अँटेना. उलट करा. पहिला सेट साधा घ्या, दोन मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा एफएम. बजेट असेल तर डबल बँड. डिजिटलच्या मागे आज लागू नका. आधी आजूबाजूचे हॅम काय वापरतात ते विचारा, कारण समोर बोलणारा नसेल तर महागडा सेट शोभेचा. अंधारात, ओल्या हाताने बटणं सापडतील असा सेट चांगला. छोट्या गाडीत पुढचा भाग वेगळा काढून लावता येतो तो बघा.

अँटेना टपाच्या मधोमध. दोन मीटरसाठी पाव तरंगलांबीची दांडी जेमतेम ५० सेंटीमीटरची असते, पण बाहेर आणि उंचावर असते, हीच तिची ताकद. चुंबकाची बैठक लोखंडी पत्र्यावरच धरते, काचेच्या सनरूफवर नाही. केबल दारात चिरडू देऊ नका. पूर्ण ताकदीने बोलण्याआधी एसडब्ल्यूआर मीटरवर अँटेना तपासून घ्या, नाहीतर नवा सेट जळायचा.

वायरिंगमध्ये जुगाड नको. ५० वॅटचा सेट बोलताना १० अँपिअर किंवा जास्तच ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचं ते काम नाही. थेट बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज. पुरात गाडी उभी असेल तर ५ वॅटवर काम भागवा, बॅटरी वाचेल. गाडी चालवताना माईक हातात नको, बाजूला थांबून बोला.

एवढं करूनही घाटात आवाज तुटणार. सह्याद्री ५० वॅटला जुमानत नाही. आपल्या रोजच्या रस्त्यावर कुठे ऐकू येतं, कुठे मरतं, हे कोरड्या दिवसांत फिरून टिपून ठेवा. ती वही सेटइतकीच मोलाची.

शेवटचं, जे मला खरं बोलायचंय. दरवर्षी मान्सूनपूर्व बैठकीची बातमी मी लिहितो. बोटी, दोर, लाईफ जॅकेट, जेसीबी, सगळ्यांची यादी असते. तालुक्यात परवानाधारक हॅम किती, कोणाच्या गाडीत सेट आहे, हे त्या यादीत मी कधी पाहिलं नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, ती हवीच. पण तिच्यावर त्या दिवशी किती भार पडतो तेही पाहिलंय. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून खबर बाहेर पोचवायला भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम उपयोगी पडले, कारण त्या आधीपासून तिथे रेडिओ लावून बसल्या होत्या.

म्हणून "सरकारने सेट द्यावेत" अशी माझी मागणी नाही. सरकारी सेट कपाटात जातो आणि पुराच्या दिवशी किल्ली सापडत नाही. रोज वापरणाऱ्या माणसाच्या गाडीतला सेटच कामाला येतो. प्रशासनाने फक्त अशा माणसांची यादी करावी, परीक्षेला बसणाऱ्या पोरांना वाट दाखवावी आणि मे महिन्यात एक दिवस मोबाईल बंद ठेवून सराव घ्यावा. खर्च फारसा नाही.

तुमच्या तालुक्यात अशी यादी आहे का? तहसीलमध्ये जाऊन विचारा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.