फास्ट की उपवास?

"आज माझा फास्ट आहे," असं आपल्या घरांतली मुलं पर्युषणातही सहज म्हणतात. मी बी.कॉम., भाषेची पंडित नव्हे, पण मला ते खटकतं.

एका शब्दाला किती कामं! मुंबईची लोकल फास्ट, मोबाइलचं चार्जिंग फास्ट. आपल्या पैठणला रेल्वे नाही, पण पैठणीच्या दुकानात ऐकू येतं, "ताई, कलर फास्ट आहे, जाणार नाही." धावणारा तो फास्ट आणि जागचा न हलणारा तोही फास्ट. गंमत म्हणजे इंग्रजीतला मूळ अर्थ दुकानदाराचाच, घट्ट, पक्का. वेग नंतर आला. नियम घट्ट धरून अन्न सोडायचं म्हणून उपवासही फास्ट, आणि तो सुटतो तो ब्रेकफास्ट.

म्हणजे शब्द वाईट नाही. पण आपल्या मुलांच्या कानात त्यातला वेगच शिरतो, नाहीतर वजन कमी करायचं सोळा तासांचं घड्याळ. 'उपवास' म्हणजे जवळ राहणं, आपल्याकडे आत्म्याच्या जवळ. स्वाध्याय, सामायिक, मुनिसुव्रतनाथांच्या मंदिरातली शांत बैठक, हे सगळं त्यात आलं. फास्टमध्ये नुसतं जेवण वजा, जमेच्या बाजूला शून्य! शिवाय एकासन, बेला, तेला सगळेच फास्ट झाले, तर नातवंडांना फरक कळणार कसा?

सुनेला मी सांगितलंय, कॅलेंडरवर फास्ट लिहू नकोस, उपवास की एकासन ते लिही. स्वयंपाक किती जणांचा करायचा, तेही कळतं.