'विश्वकिरण' नव्हे, 'विश्वकण' म्हणा

'विश्वकिरण' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून काढून 'विश्वकण' लिहावा, असे माझे मत आहे. शिक्षक म्हणतील, नाव रुळले आहे, कशाला शब्दांचा कीस काढता? पण किरण म्हटले की तुम्ही वहीत पट्टीने सरळ रेघ ओढता, आणि तेथेच सारे बिघडते.

हे नाव रूढ केले अमेरिकेतील मिलिकन यांनी, 1925 च्या सुमारास. त्यांच्या मते ते गॅमा किरणच होते. परंतु 1927 मध्ये जावाहून युरोपकडे बोटीने जाताना डच शास्त्रज्ञ क्ले यांना विषुववृत्ताजवळ त्यांची तीव्रता कमी आढळली. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वळवीत होते. गॅमा किरण असे वळत नाहीत. म्हणजे हे विद्युत्भारित कण! शंभरांतील सुमारे नव्वद तर प्रोटॉनच.

भार ध्यानात घेतला की ऊर्जेचे कोडे सुटू लागते. समोरून येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो ना? आकाशगंगेतील फिरते चुंबकीय ढग कणांना असेच टोलवतात, असे फर्मी यांनी 1949 मध्ये सुचविले. ताऱ्याच्या महास्फोटातून निघालेल्या आघात तरंगापाशी हे काम फार झपाट्याने होते, हे पुढे 1970 च्या दशकाअखेर उमगले. कण तरंगाच्या या बाजूकडून त्या बाजूला फेकला जातो, दर फेरीला थोडी ऊर्जा कमावतो. फेऱ्या मात्र पुष्कळ.

प्रवासही असाच वाकडातिकडा. आकाशगंगेचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या सुमारे एक लक्षांश. तरी तेवढ्यानेही कण भटकत राहतो. आकाशगंगा ओलांडायला प्रकाशाला लाखभर वर्षे लागतात, हे कण तीत कोटीहून अधिक वर्षे रेंगाळतात. हे कसे कळले? वाटेत कार्बन-ऑक्सिजनची अणुकेंद्रे वायूवर आदळून फुटतात, त्यातून बेरिलियम होते. त्यातील किरणोत्सारी बेरिलियम-10 सुमारे 14 लाख वर्षांत निम्मे होते. उरलेले मोजा, भटकंतीचा काळ काढा. केवढी सुंदर युक्ती!

मग कण ज्या दिशेने आला तिकडेच त्याचे घर, असे कसे म्हणावे? घर शोधायला खरे, सरळ येणारे गॅमा किरणच हवेत. आपल्या नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्यात पचमढीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठीच आरशांच्या दुर्बिणी उभारल्या होत्या. आणि 2013 मध्ये फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून महास्फोटांच्या दोन अवशेषांत वेगवान प्रोटॉनांची खूण सापडली.