शंका घ्या, पण शोधही घ्या

मे 2021 मधली गोष्ट. कळमना बाजारातील एक वयस्क हमाल रक्तदाब तपासायला आले. मी करोनाच्या लसीविषयी विचारले. काका म्हणाले, "नाही डॉक्टरसाहेब, लस घेतली का माणूस दोन वर्सांत मरते म्हणे!"

आठवड्यापूर्वी असेच बोलणाऱ्या एका गृहस्थांना मी हसून वाटेला लावले होते. ते पुन्हा आलेच नाहीत. म्हणून या वेळी हसलो नाही.

माणूस अशा गोष्टींवर विश्वास का ठेवतो? मूर्ख असतो म्हणून नव्हे. भीती दाटली की मनाला कारण हवे असते. विषाणू दिसत नाही. कारस्थान करणारा माणूस मात्र डोळ्यांपुढे उभा करता येतो. शिवाय 'आतली गोष्ट' आपल्यालाच ठाऊक असल्याचे समाधान वेगळेच. कधी अविश्वासाला जुने कारणही असते. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले, ते लोक कसे विसरतील?

म्हणून शंका वाईट नाही. शंकेवरच थांबणे वाईट. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1902 साली पंजाबात मल्कोवाल येथे लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला. पण काही जिज्ञासूंनी विचारले, सगळे मृत्यू एकाच बाटलीतल्या लसीने कसे? बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, असे पुढे आले. 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

मी काकांना विचारले, "बाजारात व्यापारी परखी न घालता पोते घेतो का?"

ते हसले. मग हळूच म्हणाले, "बीपीची गोळी सुरू असली तर चालते का?"

खरा प्रश्न हाच होता! तो त्यांना कोणी विचारू दिला नव्हता. गोळी न थांबवता लस घेता येते, एखादा दिवस ताप येऊ शकतो, हे मी समजावले. त्यांनी लस घेतली. दोन वर्षांची ती मुदत 2023 मध्येच संपली. काका अजून तपासणीला येतात.

वाचकहो, औषधाविषयी काही कानावर आले तर प्रथम विचारा : हे कोणी पाहिले? कोणी तपासले? आणि उलट पुरावा मिळाला, तर मी मत बदलेन का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ती जिज्ञासा नव्हे, हट्ट होय.