जुना पिस्टन फेकू नका

यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं, पण सुट्टीच्या दिवशी तिचं इंजिन उघडून बसणारे पुण्यात अजून आहेत. नाना पेठेत सामानही मिळतं. माझी तक्रार एवढीच, की ते सामान आणायची फार घाई होते.

इंजिन सीज झालं की कार्यक्रम ठरलेला. ब्लॉक रिबोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. जुना पिस्टन भंगारात. अहो, तोच तर लॉग आहे! ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर बहुधा तेल कमी पडलंय, नाहीतर हवा जास्त जातेय. चारही बाजूंना असतील तर इंजिन तापायच्या आतच पिळलंय, किंवा बोअर घट्ट झालाय.

जास्तीची हवा म्हटलं की सगळे कार्बोरेटरवर तुटून पडतात. पण टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं. मॅग्नेटोकडचं ऑइल सील झिजलं की तिथूनही हवा ओढली जाते. ते तसंच ठेवून रिबोअर करणं म्हणजे मेमरी लीक असलेला सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट करणं! (हे काम आपल्यापैकी कितीजण करतात, ते जाऊ दे.) सर्व्हर निदान हजार वेळा रीस्टार्ट होतो. ब्लॉकचा बोअर मात्र प्रत्येक रिबोअरला वाढतो, आणि ओव्हरसाइझ पिस्टन मोजक्याच मापांत येतात.

क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर तरी दिसतो. मॅग्नेटोकडचं गपचूप जातं. म्हणून इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बदलून टाका.