नखाची बुरशी : आधी तपासणी, मग गोळी

‘डॉक्टर, एक विचारायचं राहिलंच.’ तपासून झाले, चिठ्ठी हातात पडली, पेशंट दारापर्यंत गेला आणि तिथून मागे फिरला, की आता काय दाखवणार याचा मला अंदाज येतो. चप्पल बाजूला सरते आणि पायाचा अंगठा पुढे येतो. नख पिवळट, जाड झालेले, कडेला ठिसूळ, खाली भुसा साठलेला. ‘किती दिवसांचं आहे?’ असे विचारावे तर उत्तर येते, ‘झाली की चार-पाच वर्षं. दुखत नाही, म्हणून राहिलं.’

हा आजार म्हणजे नखाची बुरशी. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात तो इतका का दिसतो, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. बुरशीला ओल, ऊब आणि अंधार हवा. ऊसवाला शेतकरी रात्रीची लाईट आली की दारे धरायला जातो आणि चार-पाच तास चिखलात उभा राहतो. कारखान्यातला कामगार पाळीभर सेफ्टी शूजमध्ये पाय कोंडून ठेवतो. घरातल्या बाईचे पाय धुण्या-भांड्यांच्या पाण्यातून कोरडे होत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या गावांतील माणसे दिवसेंदिवस घाण पाण्यातून वावरली, ते तर सर्वांना आठवत असेल. आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडे पांढरे पडते, खाज सुटते. त्याकडे दुर्लक्ष झाले, की तीच बुरशी हळूहळू नखाखाली शिरते.

इथपर्यंत बहुतेकांना पटते. खरी चूक होते ती पुढे, आणि ती चूक एकट्या पेशंटची नसते. आम्हां डॉक्टरांचीही असते.

पिवळे, जाड दिसणारे प्रत्येक नख बुरशीचे नसते. अशी बिघडलेली नखे तपासली तर साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस असतो, जुना मार असतो, घट्ट बुटाचा दाब असतो, वयोमानाने आलेला जाडपणा असतो. कुंडल तर कुस्तीचे गाव. मैदानात आणि तालमीत अंगठा दुखावून घेतलेल्या पैलवानाचे नख वर्षानुवर्षे वेडेवाकडे वाढते. त्याला बुरशीची गोळी देऊन काय उपयोग?

हे मी शहाणपण मिरवण्यासाठी सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका शिक्षकांची नखे नुसती पाहून मी ‘बुरशी’ असे निदान केले आणि तीन महिने गोळ्या दिल्या. फरक पडेना, म्हणून आणखी तीन महिने दिल्या. त्यांनी बिचाऱ्यांनी एकही गोळी चुकवली नाही. पुढे एकदा बाही वर सरली तेव्हा कोपरावर खवल्यांचा चट्टा दिसला. तो सोरायसिस होता, आणि नखांतही तोच होता. सहा महिन्यांचे औषध आणि पैसा वाया गेला. ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी नियम केला, की तपासणीशिवाय नखासाठी गोळी लिहायची नाही.

ही तपासणी अवघड नाही. नखाखालचा भुसा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे धागे दिसतात का ते पाहतात. उत्तर बहुधा त्याच दिवशी मिळते. कल्चर केले तर तीन-चार आठवडे लागतात, पण कोणती बुरशी ते कळते. मलम किंवा गोळी चालू असताना नमुना दिला तर अहवाल खोटा ‘निर्दोष’ येऊ शकतो, म्हणून आधी घेतलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत. पहिल्या वेळी काही सापडले नाही आणि संशय राहिला, तर पुन्हा तपासावे. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांतून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवता येते. एक हेलपाटा पडेल खरा, पण तीन महिन्यांच्या निष्कारण गोळ्यांपेक्षा तो स्वस्तच.

बुरशी नक्की झाली, तर उपाय कोणते? पहिला मान टर्बिनाफिनच्या गोळीचा. मोठ्या माणसाला २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज. पायाच्या नखाला १२ आठवडे आणि हाताच्या नखाला ६ आठवडे. दुसरी इट्राकोनाझोल. ती महिन्यातून एक आठवडा घेऊन तीन आठवडे थांबायचे, असे पायाच्या नखासाठी तीन फेरे करतात. तिसरी फ्लुकोनाझोल, आठवड्यातून एकदा, पण बरेच महिने. पूर्वी आम्ही ग्रायसिओफल्विन वर्ष-दीड वर्ष देत असू. पायाच्या नखाला त्याचा गुण यथातथाच येई. आता त्याची गरज उरलेली नाही. किटोकोनाझोलची गोळी मात्र नखासाठी कोणी दिली तरी घेऊ नये. तिने यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

या गोळ्या म्हणजे चणे-फुटाणे नव्हेत. टर्बिनाफिनपूर्वी यकृताची रक्ततपासणी करावी. काविळीचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, रोजची दारू असेल, तर ती टाळावी. इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असलेल्याला चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचे वाकडे आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी नखासाठी या गोळ्या घेऊ नयेत. नख थांबू शकते. गोळ्या चालू असताना भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी तात्काळ बंद करून डॉक्टरांकडे यावे.

नखाचा थोडाच भाग बिघडला असेल आणि मुळाशी बुरशी पोचली नसेल, तर लावण्याच्या औषधावर भागते. अमोरोल्फिनचे नेलपॉलिशसारखे औषध आठवड्यातून एकदा-दोनदा, नख कानशीने घासून मग लावायचे. पण ते नऊ महिने ते वर्षभर लावावे लागते. साधे मलम जाड नखातून आत उतरत नाही. नख उपटून काढणे हा काही इलाज नव्हे. नुसते काढले तर नवे नखही बुरशी घेऊनच येते. लेसरची जाहिरात फार होते, परंतु त्यावर मोठा खर्च करावा इतका भक्कम पुरावा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणजे १२ आठवड्यांनी गोळ्या संपतात तेव्हाही नख वाईटच दिसते. मुळाशी बोटभर रुंदीचा तरी स्वच्छ भाग दिसेल, असे समजू नये. चार-पाच मिलिमीटर दिसला तरी औषध लागू पडले म्हणावे. हे न सांगितल्यामुळे कितीतरी लोक महिनाभरात ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडतात. आणि सगळे नीट करूनही यश शंभर टक्के नाही. टर्बिनाफिनने १०० पैकी सुमारे ७० जणांच्या नखातून बुरशी जाते; नख अगदी पूर्ववत दिसणारे त्यांतले साधारण निम्मेच. बऱ्याच जणांना ती पुन्हाही होते.

मग इलाज करावाच का? माझे मत असे : सत्तरी ओलांडलेल्या, पाच-सहा गोळ्या आधीच चालू असलेल्या, नख न दुखणाऱ्या माणसाने नुसते नख कापून, घासून स्वच्छ ठेवले तरी चालेल. त्यात कमीपणा नाही. परंतु मधुमेह असणाऱ्याने मात्र ‘दुखत नाही’ यावर विसंबू नये. त्याला दुखत नाही, कारण पायाची संवेदनाच गेलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या एका मधुमेही शेतकऱ्याने जाड नख ब्लेडने तासले. बारीकशी जखम झाली, ती कळली नाही. वास यायला लागल्यावर ते आले. अंगठा काढावा लागला. नखाकडे पाहिले की मला अजून तो अंगठा आठवतो.

आणखी एक. दुकानातून ‘खाजेचं मलम द्या’ म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते आणि बुरशी फोफावते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, तरी ती हातोहात मिळतात. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आपल्या देशात पसरली आहे. २०२० मध्ये तिच्या एका जातीला ‘इंडोटिनी’ असे भारताचेच नाव मिळाले. अर्धवट आणि मनमानी औषधांचा तिला हातभार लागला आहे, असे तज्ज्ञ मानतात. विकणारा, लिहून देणारा आणि मागणारा, तिघांनीही हात आवरायला हवा.

घरी करायचे ते सोपे आहे. दारे धरून आलात की पाय धुवा आणि बेचक्या फडक्याने कोरड्या करा. मोजे रोज बदला, बूट आलटून पालटून उन्हात ठेवा. घरात नेलकटर ज्याचा त्याचा वेगळा ठेवा. न्हाव्याची नराणी उकळून घेतल्याशिवाय बोटाला लावू देऊ नका. चिखल्या झाल्या तर तेव्हाच औषध लावा. चुना, तंबाखू, रॉकेल, बॅटरीचे पाणी यांना नखाजवळ फिरकू देऊ नका.

आणि पुढच्या वेळी दवाखान्यात आलात, की दारापर्यंत जाऊन मागे फिरू नका. खुर्चीत बसल्याबरोबर आधी पाय दाखवा.